कापूस, खडीसाखर आणि पुलगाव

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी धामणगाव सोडते आणि थोड्याच वेळात वर्धा नदीच्या पुलावर खडखडू लागते. पूल संपला की पुलगाव. बहुतेक उतारूंचे लक्ष पुढच्या वर्ध्याकडे आणि नागपूरकडे असते. इथे उतरणारे थोडे. मी मात्र लहानपणापासून इथे उतरत आलो, कारण पुलगाव हे माझे आजोळ.

त्या पुलगावात मिरवण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक कापूस आणि त्यावर चालणारी कापडगिरणी. दुसरी आर्वीची छोटी गाडी. १९१७ साली सुरू झालेली ती नॅरोगेज आता इतिहासजमा झाली. तिसरी गोष्ट गावाला लागूनच आहे, पण तिच्यात कुणाला पाऊल टाकता येत नाही. ती म्हणजे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होते.

३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, या भांडारातल्या एका कोठाराला आग लागली आणि पाठोपाठ स्फोट झाले. आगरगावसारखी आसपासची खेडी रातोरात रिकामी करावी लागली. आग विझवायला धावलेले जवान आणि दोन लष्करी अधिकारी धरून सोळांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. चौकशीनंतरच्या बातम्यांत बोट दाखवले गेले ते रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेल्या टीएनटीकडे.

यंदा मामांकडे गेलो तेव्हा ओसरीवर हाच विषय निघाला. मी रसायनशास्त्राचा मास्तर, म्हणून मामांनी मलाच पेचात धरले. "बापू, काडी कोणी लावली नाही, वीज पडली नाही. मंग ठेवल्या जागी माल पेटते कसा, हे सांग मले!"

मी म्हटले, "मामा, आपल्या कापसापासूनच सुरुवात करू." १८४६ साली शोनबाइन या बाझलच्या प्राध्यापकाने कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस जगापुढे आणला. दिसायला तोच पांढराशुभ्र कापूस, पण ठिणगी लागताच भडकणारा. कारखाने भराभर निघाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडातल्या फॅवरशॅमचा कारखाना उडाला आणि माणसे मेली. तंतूंच्या आतल्या पोकळीत आम्लाचा अंश राहून जातो आणि तोच घात करतो, हे ओळखून फ्रेडरिक एबल याने १८६५ साली कापूस बारीक कुटून पुनःपुन्हा धुण्याची रीत बसवली.

तरी एक खोड उरलीच. हा कापूस अतिशय सावकाश विघटन पावतो, त्यातून नायट्रोजनचे वायू निघतात आणि हेच वायू पुढच्या विघटनाला घाई करतात. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो. इथे क्रिया आपला उत्प्रेरक आपणच जन्माला घालते! म्हणून तोफेच्या दारूत हे वायू शोषून घेणारे स्थिरकारी द्रव्य थोडेसे मिसळतात. ते झिजत जाते. किती उरले हे ठराविक काळाने तपासावे लागते. त्यात ऊन वाढले की क्रियेचा वेगही वाढतो. साधारण दहा अंशांना तो दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. पंचेचाळीस अंशांचा वैशाख काढणाऱ्या वैदर्भीयांना याहून अधिक सांगायला नको.

टीएनटीची तऱ्हा निराळी. ते सुमारे ८१ अंशांना वितळते, म्हणून मेणासारखे पातळ करून सुरुंगात ओतता येते. तेथे ते थिजते, स्फटिक बनतात. आता मामी खडीसाखर कशी करतात ते आठवा. पाकातल्या दोऱ्यावर साखरेचे खडे धरतात आणि मळ पाकात मागे राहतो, कारण वाढणारा स्फटिक आपल्या जातीच्या कणांनाच जवळ करतो. टीएनटीतही तसेच. त्यातली भेसळ स्फटिकांबाहेर लोटली जाऊन फटींत साचते. आणि भेसळ झाली की वितळण्याचे तापमान उतरते. कुल्फीच्या भांड्याभोवती बर्फात मीठ घालतो ते याचसाठी. म्हणून शुद्ध टीएनटी घट्ट असतानाही फटींतले मिश्रण तेलासारखे पातळ होऊन बाहेर झिरपू शकते. कोठारात निपचित पडलेला माल आतून असा चालत असतो.

यावर काम चालते ते आपल्या पुण्यातच. पाषाणजवळ सुतारवाडीला उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. अमेरिकेत १९८७ साली जन्मलेले सीएल-२० नावाचे जबरदस्त स्फोटक तिथेही बनवले गेले. त्याचे रेणू तेच, पण ते चार तऱ्हांनी रचले जाऊन चार प्रकारचे स्फटिक होतात आणि त्यांतला सर्वांत घन प्रकारच हवा असतो. स्फटिकाच्या पोटात पोकळी किंवा द्रवाचा थेंब अडकला, तर धक्का बसताच उष्णता तिथे एकवटते. म्हणून स्फटिक सावकाश, नितळ आणि गोलसर वाढवायचे, हा आज जगभरच्या प्रयोगशाळांतला मोठा उद्योग आहे.

मामा मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "आणि सोनेगावचं काय?"

२० नोव्हेंबर २०१८ रोजी भांडाराजवळच्या सोनेगाव येथील मैदानावर, निकामी करायला आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत जवळपासच्या खेड्यांतले मजूर होते.

"बापू, खडीसाखरीची गोठ त्याहिले कोणी सांगतली होती काय?" मामांनी विचारले.

जुना माल नव्यासारखा दिसतो, पण नव्यासारखा वागत नाही. प्रयोगशाळेत ठाऊक असलेली ही गोष्ट, तो माल खांद्यावर घेणाऱ्या माणसालाही त्याच्या बोलीत कळली पाहिजे. मामांची ही मागणी मला रास्त वाटते.