खानदेशात वऱ्हाडी म्हणून जाताना
वैशाखातले खानदेशी लग्न म्हटले, की आमच्या मंडळींना शालूंची चिंता. चिंता करावी उन्हाची! तेथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. सुती कपडे नि पाण्याचा तांब्या हवाच. जळगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावरच आहे. धुळ्याचा फाटा मात्र चाळीसगावाहून फुटतो. गाडी बदलताना फलाटावर काही खाऊ नका, हे अनुभवाने सांगतो.

धुळ्याच्या लग्नाला निघालो, तेव्हा आम्ही तेथे वडे खाऊन पोट भरले. पंगतीत वरण-बट्टी आली, घोटलेली वांग्याची भाजी आली. दुसऱ्या बट्टीला मी पानावर हात आडवा धरला. वरपक्षाचा हात तो! तुपाची वाटी घेतलेल्या वधूच्या आईचा चेहरा उतरला.

"आमनं जेवन गोड नई लागनं का?"

मी हात काढला. पण तोवर त्या पुढच्या पानाकडे गेल्या होत्या.