पानाचा खल

माणदेशातल्या जुन्या घरांत सोप्यावर म्हाताऱ्याच्या अंथरुणाशी तीन वस्तू हमखास दिसत: चंची, अडकित्ता आणि पानाचा खल. पहिल्या दोन मुक्या. खल मात्र बोलका.

उंची वीतभरही नाही. अंग लोखंडी, बूड जड, काठ झिजून चकाकलेला आणि पोटात कात-चुन्याचा लालसर थर, कितीही घासा, न जाणारा. पानाचा देठ खुडून, चुना लावून, काताच्या तुकड्यासह सुपारीचं खांड आत पडलं की आधी कोरडी ठकठक सुरू होते. सुपारी फुटली की आवाज ओला होतो. स्वयंपाकघरातली सून तेवढ्यावरून ओळखते, मामंजींचं पान झालं.

स्वभावानं हा पराकोटीचा मदतगार. चणे आहेत तर दात नाहीत, हे रडगाणं त्याला मान्यच नाही. टाका इकडं, कुटून देतो! सातारा असो की सांगली, त्याचे भाऊबंद घरोघरी. भडंगातले शेंगदाणे म्हाताऱ्यापुढं कूट होऊन येतात, शाळूची भाकरी दुधात कुस्करली जाते. बोळक्या तोंडाची सोय होते आणि गालातला गडी बसून खाऊ लागतो.

दातावर दात दाबून गालाला बोटं लावा, टणक उंचवटा हाताला लागतो, तोच हा गडी. गालफडाच्या हाडापासून खालच्या जबड्यापर्यंत पसरलेला चावण्याचा स्नायू. वयाबरोबर तो रोडावतोच. सीटी स्कॅनमध्ये त्याचा छेद लहान झालेला दिसतो, आणि दात गेलेल्यांत जास्तच. गाल बसतात ते नुसते दात गेल्यानं नव्हे.

गंमत अशी, की खल कुटणारा दंड आणि चावणारा जबडा एकाच देहात राहून वेगवेगळ्या रीतीनं म्हातारे होतात. १९९९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दोन्हींतले तंतू तपासले. दंडात वयाबरोबर सावकाश, चिवट चालणाऱ्या तंतूंचा वाटा वाढलेला. जबड्यात उलट, तोच घटलेला आणि चपळ तंतूंचा वाढलेला. शरीराला वय एकच, पण प्रत्येक स्नायूचा हिशेब निराळा.

खलात खोट नाही असं नाही. नाही म्हणणं त्याला येत नाही. दात गेल्यावर सुटली असती ती सुपारीही तो मऊ करून पोचवतो, आणि सुपारीनं तोंडाचा कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. कुटली म्हणून ती सोवळी होत नाही.

पुढं मुलगा मिरजेला नेऊन कवळी करून आणतो. कवळीनं दात मिळतात, पण चावण्याचा जोर पहिल्याच्या निम्माही येत नाही; रोडावलेला गडी एका दिवसात उभा राहत नाही. लग्नाला जाताना कवळी तोंडात, घरी आल्यावर वाटीत. खलाची नोकरी मात्र पक्की.