सहीखालचा ओरखडा

नागपुरात जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्याकडे यंत्राबरोबर कधीकधी एखादी सहीही येते. बहुतेकदा गायक वसंतराव देशपांड्यांची. त्यात नवल नाही. ते इथेच वाढले, शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. शहरातलं मोठं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. त्यांची सही आपल्या घरात असावी, असं कुणाला वाटणार नाही?

मध्यंतरी एक तरुण एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर घेऊन माझ्याकडे आला. झाकणावर मार्करने केलेली सही. "काका, आजोबांनी घेतलेली आहे म्हणतात. खरी आहे का, तेवढं पाहा."

अक्षराचं वळण मी शेवटी पाहतो. वळण गिरवता येतं, वेग गिरवता येत नाही. सहज केलेल्या सहीत रेघेचं टोक निमुळतं होत जातं. गिरवलेल्या सहीत ते बोथट राहतं आणि मधे हात थबकल्याच्या जागा दिसतात. त्याआधी पाहायचे ते ओरखडे. ओरखड्याने शाई कापली असेल, तर सही आधीची. शाई ओरखड्यात उतरली असेल, तर ओरखडा आधीचा. या झाकणावर भिंगाखाली शाई प्रत्येक जुन्या ओरखड्यात उतरलेली दिसली आणि शाईला कापून गेलेला ओरखडा एकही नव्हता. प्लेअर वर्षानुवर्षं वापरून झिजला, त्यानंतर कुणीतरी सही केली होती.

रेकॉर्डच्या कव्हरवर सही असेल, तर पेनही साक्ष देतं. वसंतराव 30 जुलै 1983 रोजी गेले. जेल पेन बाजारात आलं 1984 मध्ये. सही जेल पेनची असेल, तर अक्षर कितीही हुबेहूब असो, प्रश्न मिटतो. कधी सही कव्हरवर छापलेलीच असते. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात.

अशा खुणांवरून सही खोटी ठरवता येते. खरी ठरवायला मात्र एवढ्या खुणा पुरत नाहीत. ती कुणी, कुठे, कोणत्या कार्यक्रमानंतर घेतली, हे सांगणारं माणूस किंवा कागद लागतो. म्हणून घरात अशी सही असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, ते सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा, जुनं तिकीट किंवा फोटो सोबत जपा. झाकण नागपूरच्या उन्हात ठेवू नका, शाई उडते. आणि कितीही धूळ दिसली तरी सहीवरून स्पिरिटचा बोळा फिरवू नका.