ढाळजेत उतरलेले शिवार

हुमनाबाद म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन-तीन गोष्टी आठवतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गाडी थांबवून घेतलेला चहा, वीरभद्रेश्वराची जानेवारीतली जत्रा आणि माणिकप्रभूंचे माणिकनगर. प्रभूंची समाधी १८६५ सालची. मराठी, कानडी, हिंदी अशा सगळ्या भाषांत त्यांची पदे गायली जातात, त्यामुळे आमच्या गावाला कुठलीही एक भाषा आपली म्हणून मिरवता येत नाही. पण या तीन ठिकाणांपलीकडे, जुन्या पेठेच्या बोळांत, पाहुणा सहसा शिरत नाही. तिथे अजून काही वाडे उभे आहेत. काहींचे माळवद खचले आहे, काहींना पुढून शटर लागले आहे. अशाच एका वाड्याच्या ढाळजेची ही गोष्ट आहे.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी ढाळज म्हणजे काय ते सांगायला हवे. वाड्याचा मोठा दरवाजा ओलांडला की आतला चौक लागण्यापूर्वी एक सावलीची जागा असते. मधून वाट आणि दोन्ही बाजूंना कमरेइतके उंच ओटे. वर लाकडी तुळया, भिंतीत दिव्यासाठी कोनाडे. वाटसरूने टेकावे, कुळांनी हिशेब करावा, पोस्टमनने पाणी प्यावे, ते सगळे इथे. ढाळज घराची असते आणि गावाचीही असते. तिच्यात बायका मात्र बसत नसत. माझ्या आजोळच्या ढाळजेतून आम्ही मुली पदर सावरून, खाली मान घालून झपाझप आत जायचो. तिच्या ओट्यावर मी आयुष्यात कधी बसल्याचे मला आठवत नाही.

झाले असे. आमच्या कॉलेजात आजूबाजूच्या खेड्यांतून मुली येतात. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात सरकारी बसचा प्रवास महिलांना मोफत झाला आणि आमच्याकडे मुलींची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. पण खेड्यातून येणारी पहिली बस सकाळी लवकर येते, दुसरी थेट उन्हे चढल्यावर. पहिल्या बसने आलेली मुलगी तास सुरू होईपर्यंत बसणार कुठे? स्टँडच्या बाकावर बसले की कोणीतरी घरी जाऊन सांगणार. मुलींसाठी एक वाचनाची खोली व्हावी, टेबल-खुर्च्या आणि चार पुस्तके यावीत, म्हणून आम्ही काही शिक्षिका आणि गावातल्या गृहिणींनी पैसे जमवायचे ठरवले.

कल्पना सुचवली एका सहकारी बाईंच्या मुलीने. ती न्यू जर्सीला असते. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून एक रिवाज आहे. एखादे मोठे घर घ्यायचे, सजावटकारांनी त्यातली एकेक खोली आपल्या खर्चाने सजवायची, लोकांनी तिकीट काढून ते घर पाहायचे आणि आलेला पैसा मुलांच्या एका संस्थेला द्यायचा. किप्स बे नावाच्या संस्थेने तो सुरू केला आणि पुढे इतर शहरांनी उचलला. आमच्याकडे सजावटकार कुठले? पण वाडा होता. वाड्यातल्या आजींनी दोन दिवसांसाठी किल्ल्या हातात ठेवल्या. म्हणाल्या, "पोरांनी विकायचा काढलाच आहे. जाण्यापूर्वी चार माणसे तरी येऊन जाऊ देत."

चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला माजघर आले, कुणाला देवघर. माझ्या वाट्याला आली ढाळज. विषय ठरला होता निसर्ग.

आधी घाई, मग शहाणपण

पहिली चूक मीच केली. हैदराबादेहून प्लॅस्टिकच्या वेली आणल्या, आणि एका भिंतीला हिरवा ऑइलपेंट दिला. आठ दिवसांत त्या भिंतीला पोपडे धरले. मातीची भिंत श्वास घेते. तिचे तोंड रंगाने बंद केले की आतली ओल बाहेर यायला वाट शोधते. वेलींबद्दल न बोललेलेच बरे. कमानीवर टांगलेल्या त्या वेली पाहून आजी एवढेच म्हणाल्या, "लग्नाचा मांडव झाला गं बाई." काढून टाकल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी इतिहास शिकवते. निसर्ग घरात कसा आणावा हे आपल्याच भागातल्या जुन्या माणसांना विचारावे, हे मला तेव्हा सुचले. एका रविवारी सहा विद्यार्थिनींना घेऊन बिदरची बस धरली.

काळा दगड आणि शिंपला

हुमनाबादहून बिदर पन्नासेक किलोमीटर. वाटेत काळी माती मागे पडते आणि तांबडी सुरू होते. बिदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवली, त्यात या उंच, हवेशीर जागेचा वाटा होता. किल्ल्याचा खंदक त्याच जांभ्यात खोदलेला आहे.

आम्हाला पाहायचा होता रंगीन महाल. तो बहुधा कुलपात असतो. पुरातत्त्व खात्याच्या माणसांना विनंती केली की उघडून दाखवतात. सोळाव्या शतकात अली बरीदशहाने हा महाल सजवला. आत शिरताच कोरलेले लाकडी खांब दिसतात. त्यांचे घडण पाहिले की आपल्याकडच्या देवळांचे आणि वाड्यांचे खांब आठवतात. आणखी आत गेले की दारांभोवती काळाभोर दगड आणि त्यात बसवलेला शिंपला. शिंपल्याच्या वेली, शिंपल्याची पाने, शिंपल्याची अक्षरे. उजेड हलला की वेल हलल्यासारखी वाटते. समुद्र इथून किती दूर! तरी कुणीतरी शिंपला आणला, आणि काळा दगड आपल्या मातीतला घेतला.

तिथून बाहेर पडल्यावर बिदरी काम करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली माती नवसागरात मिसळून भांडे त्यात उकळतात. धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. इथल्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे मुलींना ठाऊक होते. माझ्या एका विद्यार्थिनीने दुकानातली सुरई हातात घेऊन म्हटले, "बाई, महालातली वेल अन् ही वेल बहिणी हायत." इतिहासाच्या पुस्तकात मी हे वाक्य लिहिले असते तर चार ओळी लागल्या असत्या.

अष्टूरचे छत

बिदरच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर अष्टूर. बहामनी सुलतानांच्या कबरी इथे रांगेने आहेत. त्यांतला एक घुमट विजेने फाटला आहे. उभा कापून दाखवावा तशी त्याची भिंत दिसते, किती जाड आणि कशी रचलेली. अहमदशहाचा घुमट मात्र शाबूत आहे. त्याचा मृत्यू १४३६ चा. आत अंधार. डोळे सरावले की भिंतींवर आणि वर घुमटाच्या पोटात लाल, निळा, सोनेरी रंग उमलू लागतो. फुले, वेलबुट्ट्या आणि अरबी अक्षरांच्या पट्ट्या. जवळजवळ सहाशे वर्षांचा रंग!

या सुलतानाला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत भाविक अल्लमप्रभूंचे रूप मानतात. होळीनंतर इथे जत्रा भरते तेव्हा दोन्हीकडची माणसे येतात. मुली छताकडे पाहत राहिल्या, मी मुलींकडे. परतताना एकीने विचारले, "ही फुलं आपल्याकडची नाहीत ना?" नाहीत. ही बाग इराणच्या कलावंतांच्या मनातली आहे. त्यांनी आपल्या गावची आठवण दक्षिणेत येऊन छतावर काढली. मग आमच्या ढाळजेत इराणची बाग कशाला?

कल्याणच्या राजाचा सल्ला

दुसऱ्या रविवारी जवळच्या जलसंगवीला गेलो, हुमनाबाद तालुक्यातच. चालुक्यांच्या काळातले देऊळ. बाहेरच्या भिंतीवरच्या सुंदरींमध्ये एक स्त्री लेख लिहिते आहे, सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा. मुलींनी तिच्याबरोबर फोटो काढले. दगडातल्या बाईच्या हाती लेखणी नऊशे वर्षांपूर्वी आली, आणि आम्ही मुलींच्या वाचनाच्या खोलीसाठी आता वर्गणी गोळा करतो आहोत! असो.

विक्रमादित्याची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण. त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत असतो, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात चित्रासाठी भिंत कशी तयार करावी याचेही प्रकरण आहे. भिंत आधी गुळगुळीत करावी, मग म्हशीचे कातडे उकळून केलेल्या खळीत पांढरी माती कालवून लेप द्यावेत, वाळल्यावर पुन्हा द्यावेत. मुद्दा काय, तर रंग भिंतीच्या जातीचा हवा. माझ्या हिरव्या ऑइलपेंटला राजाने परस्पर उत्तर देऊन ठेवले होते.

कातडे आम्ही वगळले. बाभळीचा डिंक भिजवून गाळला. पोपडे खरवडून भिंतीला शेण-मातीचे पोतेरे दिले. रंग तीनच घेतले: तांबडा म्हणून काव, पांढरा म्हणून चुना, काळा म्हणून काजळी. खाली शहाबादी फरशी होतीच. तीही आपल्याच गुलबर्गा भागाची. ती नुसती घासून स्वच्छ केली.

कोप

आता काढायचे काय? मी कमळ म्हटले. मुली गप्प. मग एकजण भीतभीत म्हणाली, "बाई, आमच्या रानातली वेळ अमावस्येची कोप काढू या?"

मार्गशीर्षाच्या अमावस्येला बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या सगळ्या पट्ट्यात माणसे शेतावर जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप रचतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडतात, पूजा होते. मग भज्जी, उंडे, आंबील. त्या दिवशी रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही हाक मारून पंगतीला बसवतात. आमच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना हा सण सारखाच. कानडीत त्याला एळ्ळ अमावस्या म्हणतात, एवढाच फरक.

मग ढाळजेला रूप आपोआप आले. प्रदर्शन सणानंतरच्या शनिवार-रविवारी होते, त्यामुळे कणसांसकट ताटे मुलींनी आपापल्या रानातून आणली. दोन्ही ओट्यांच्या टोकांना ताटे उभी करून वर तुळईखाली त्यांचे शेंडे एकत्र बांधले, म्हणजे वाट कोपीतून जाते असे वाटावे. भिंतींवर चुन्याने आणि काजळीने आमच्या शिवारातली झाडे काढली: तुरीच्या शेंगा, करडईचे काटेरी फूल, हरभऱ्याचे घाटे, पानझडीतला पळस. काळ्यावर पांढरी रेघ, बिदरीची आठवण म्हणून. कोनाड्यांत पणत्या ठेवल्या. एका कोनाड्यात चिमणीचे जुने घरटे सापडले. ते तसेच राहू दिले. ओट्यांवर घोंगडी अंथरली.

दोन दिवस माणसे आली. माजघरातली मांडणी पाहायला अधिक गर्दी होती, हे कबूल करते. पण ढाळजेत माणसे थांबत होती. एक शेतकरी बराच वेळ तुरीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "शेंग बरोबर आहे. पान जरा रुंद झालंय." त्याचे म्हणणे खरे होते. संध्याकाळी पाहिले तर माझ्या मुली, त्यांच्या आया, शेजारच्या बायका ओट्यांवर पाय सोडून बसलेल्या. कुणालाच त्यात काही वेगळे वाटत नव्हते. मीही बसले. आजी आतून चहा घेऊन आल्या, उंबऱ्यापाशी क्षणभर थबकल्या आणि आमच्याजवळ येऊन टेकल्या. "साठ वर्षं झाली या घरात येऊन," म्हणाल्या, "इथून चौक असा दिसतो होय!"

तिकिटांतून टेबले, काही खुर्च्या आणि एक कपाटभर पुस्तके झाली. खोली मात्र अजून मिळालेली नाही. तोवर आजींनी सकाळच्या वेळी ढाळज मुलींना उघडी ठेवली आहे. पहिल्या बसच्या मुली तिथे वाचत बसतात. कडब्याची ताटे शेजारच्या म्हशीने केव्हाच फस्त केली. भिंतीवरची करडई टिकून आहे. वाड्याच्या सौद्याची बोलणी चालू आहेत. पाडवा झाला की मुलगे येणार आहेत, पुढचे तेव्हा ठरेल.

कधी या बाजूला आलात तर एक दिवस मोकळा ठेवा. हुमनाबादला सोलापूर, हैदराबाद, कलबुर्गी, बिदर अशा चारही दिशांनी बस येते. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गावर आमचे स्टेशनही झाले आहे. सकाळी माणिकनगर आणि जलसंगवी करावे, दुपारी बिदर, उन्हे उतरताना अष्टूर. आणि जमल्यास सकाळी साडेसातच्या सुमारास जुन्या पेठेत एक फेरी मारा. दार उघडे दिसले तर आत या. मुली सरकून जागा देतील.