गुंठ्याएवढा ठिपका

"मॅडम, माझ्या रानात आठ दिस पाणी हुतं. ह्यात ते कुठाय?"

शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या चावडीत आजोबांनी माझ्या नकाशावर बोट ठेवलं. 2019 चा महापूर ओसरून काही आठवडे झाले होते. बोटाखालची जागा कोरडी दाखवलेली होती. नकाशा माझाच होता आणि तोवर मला तो बिनचूक वाटत होता.

ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यावरून ढग हटत नाहीत. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला वरून नुसती ढगांची पाठ दिसते. म्हणून पुरात आमची भिस्त रडारवर. युरोपचा सेंटिनेल-1 किंवा आपल्या इस्रोचा रिसॅट स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि त्यातल्या किती परत आल्या ते मोजतो. त्यांना ना ढग आडवे येतात, ना रात्र. लहरी तिरक्या पडतात. संथ पाण्यावरून त्या आरशावरच्या कवडशासारख्या पलीकडे निघून जातात आणि पाण्याची जागा काळी उमटते. पुराआधीचं चित्र पुरातल्या चित्राशी ताडून पाहायचं; नव्याने काळं झालं ते पुराचं पाणी. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ठिपके मोजले की गुंठे मोजून झाले! या सोयीनेच मला फसवलं.

आजोबांच्या रानात ऊस होता. त्या दिवसांत तो माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. सेंटिनेलच्या लहरीची लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. बहुतेक लहरी पाल्याच्या दाटीतूनच माघारी फिरतात. बुडख्याशी कमरेएवढं पाणी असलं, तरी चित्राला त्याचा पत्ता नसतो. शहरातही तेच. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट; त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. पेठांतली दुकानं बुडाली, पण भिंतींवर आपटून लहरी जोरात परततात, त्यामुळे चित्रात गल्ल्या उजळच राहिल्या. उलट विमानतळाची गुळगुळीत धावपट्टी आणि डोंगराआडची रडार-सावली कोरडी असूनही पाण्यासारखी काळी दिसते. त्यात एक उपग्रह त्याच वाटेवर पुन्हा येतो तो 12 दिवसांनी. दोन फेऱ्यांच्या मधे पूर चढून उतरलाही, तर तो चित्रात येत नाही.

शिवाय पाणी दिसलं म्हणजे नुकसान दिसलं, असंही नाही. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बऱ्याचदा तगतो. पोंग्यात गाळ बसला की शेंडा कुजतो, कांड्यांना पांगशा फुटतात, वजन घटतं. हे सगळं पाणी उतरल्यावर घडतं, तेव्हा रडारचा नकाशा छापून झालेला असतो. म्हणून आभाळ मोकळं झालं की आम्ही सेंटिनेल-2 या कॅमेऱ्याच्या उपग्रहाची चित्रं काढतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. कुजलेलं पीक तसं करत नाही. आदल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी तुलना केली, तेव्हा आजोबांचं रान फिकं पडलेलं दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली: त्यांच्या बांधाला लागून असलेली, मी कोरडीच दाखवलेली पुष्कळ शेतंही तशीच फिकी होती.

वरून पाहणाऱ्याला सगळं दिसतं, असा एक समज असतो. माझाही होता. तलाठी आणि कृषी सहायक चिखल तुडवत बांधावर जातात, पंचनामा करतात, त्याला पर्याय म्हणून नकाशाकडे पाहू नये. त्यांनी आधी कुठे जावं, एवढं त्याने नीट सांगावं.

आता माझ्या पूरनकाशात पाणी आणि कोरडी जमीन यांच्या जोडीला तिसरा रंग असतो, राखाडी. उंच ऊस आणि दाट वस्ती त्यात येते. सूचीत त्या रंगापुढे लिहिलेलं असतं: 'इथे रडारला दिसत नाही, जाऊन पाहा.'