वाळकी फांदी

डॉक्टरांच्या सल्ल्यावरून पहाटेची मिस्सा आटोपून मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरावयास जाऊ लागलो. हळद्या, दयाळ ओळखीचे झाले. पण मनात घर केले ते तांबटाने. हा चिमुकला पक्षी चोच मिटूनच ‘टुक् टुक्’ साद घालतो आणि वाळक्या फांदीत वाटोळी ढोली कोरून पिले वाढवितो.

हे उमगले आणि मी अस्वस्थ झालो. सणापूर्वी आवार नीटनेटके दिसावे म्हणून शेवग्याची वाळकी फांदी मीच तोडविली होती. तिला तसेच वाटोळे भोक होते. त्याच सुमारास, आवाज थकला म्हणून एका वृद्ध गृहस्थांना मी गायनवृंदातून वगळले होते.

फांदी आता परत जोडता येणार नव्हती. त्या सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो.