नाथांचे शब्द, चाल कुणाची?

नाथषष्ठीला आमचं सिडकोतलं महिला भजनी मंडळ पैठणला गेलं. नाथवाडा, गोदाकाठचं समाधी मंदिर, आमच्या बायकांनी म्हटलेलं भारूड, सगळं मी मोबाइलवर टिपलं. घरी भाच्याने तुकडे जोडून दिले. घाटावरच्या दृश्यांत नुसता वारा ऐकू येत होता, म्हणून त्यामागे फोनमध्ये साठवलेला संत एकनाथांचा एक अभंग लावला आणि व्हिडिओ इंटरनेटवर चढवला. पंधरा मिनिटांत निरोप आला: तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं ध्वनिमुद्रण आहे. मला घाम फुटला. वाटलं, आता घरी पोलीस येणार.

पोलीस-बिलीस कुणी येत नाही, भाच्याने समजावलं. हा 'क्लेम' आहे, म्हणजे दावा. हरकत घ्यायची सोय होती. कारणांच्या यादीत 'पब्लिक डोमेन' दिसलं. त्याचा अर्थ मी वहीत लिहून ठेवला: गायरान, कुणीही गुरं चारावीत. नाथांनी १५९९ साली देह ठेवला. सव्वाचारशे वर्षांनी त्यांच्या शब्दांवर कंपनी हक्क सांगते म्हणजे काय, या रागात मी तिथे खूण केली. चार दिवसांनी हरकत फेटाळली गेली. कंपनी शब्दांबद्दल बोललीच नव्हती. 'ध्वनिमुद्रण' हा शब्द पहिल्याच निरोपात होता. मी तो नीट वाचला नव्हता.

वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात काम करतात. त्यांनी कागदावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण. १९५७ चा प्रताधिकार कायदा या तिघांना वेगवेगळं धरतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्ता हयात असेपर्यंत, आणि तो गेल्यावर पुढचं वर्ष उजाडल्यापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र ते प्रसिद्ध झाल्यावर मोजायची. "गीतरामायण घ्या," ते म्हणाले. "शब्द लिहिणारे गदिमा १९७७ ला गेले, चाल देणारे बाबूजी २००२ ला. करा हिशोब." वहीत मांडूनही मी दोनदा चुकले. शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत, चालीवरचा २०६२ च्या. गाणं एकच, पण शब्द मोकळे झाल्यावरही चाल पंचवीस वर्षं बांधलेली! माझ्या अभंगाचे शब्द गायरानातले होते. चाल हयात संगीतकाराची आणि मुद्रण कंपनीचं. मी सगळ्यालाच नाथांचं समजत होते.

"मावशी, त्या गायिकेच्या आवाजात एआयकडून म्हणवून घेऊ," भाचा म्हणाला. वकीलसाहेबांनी त्याला तिथेच थांबवलं. आपला आवाज असा परस्पर घडवला जातो म्हणून आशा भोसले २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि न्यायालयाने त्याला अंतरिम मनाई केली. आवाजावरचा हा हक्क प्रताधिकाराचा नाही, माणसाचा स्वतःच्या ओळखीवरचा आहे. यंत्राने आवाज बनवला की तो कुणाचाच नसतो, असं मीही धरून चालले होते.

मग व्हिडिओतून कंपनीचा तो अभंग काढला आणि आमच्या मंडळाने म्हटलेला लावला. चाल मंडळातल्या काकूंना त्यांच्या आजीकडून आलेली. जागा तीस सेकंदांची, म्हणून शेवट कापला. काकूंनी ऐकलं आणि विचारलं, "एका जनार्दनी कुठंय गं?" नाथांची नाममुद्राच मी छाटली होती. मला उत्तर देता आलं नाही. नाथांनी स्वतः १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं; ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं होईल, म्हणाले. कायद्याचं कलम ५७ असंच काहीसं सांगतं: हक्क विकून टाकला तरी कृतीवरचं नाव कर्त्याचं राहतं, आणि त्याच्या मानाला धक्का लागेल अशी तिची मोडतोड अडवता येते. वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचून दाखवलं होतं. मला ते करवंटी आठवल्यावर समजलं.

तीस सेकंदांचा अभंग पूर्ण केला, घाटाची दृश्यं लांबवली. आता झालं असं वाटत असताना वकीलसाहेबांनी विचारलं, "गाणाऱ्या बायकांची परवानगी घेतलीत?" कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क असतो, ५० वर्षं टिकणारा. आम्ही एकाच सतरंजीवर बसणाऱ्या. भारुडात अकरा जणी होत्या आणि मी एकीलाही विचारलं नव्हतं.

मंगळवारी भजनाला कागद घेऊन गेले. "पन्नास वर्षं? म्हणजे पुढे माझ्या नातीला विचारावं लागणार?" एकीने विचारलं, आणि सही करताना ती चांगलीच खूश दिसली. दहा जणींच्या सह्या झाल्या. काकू म्हणाल्या, "माझं घरी विचारून सांगते." विंचू चावलेल्या बाईचं सोंग त्यांचंच, त्यांच्याशिवाय ते भारूड उभंच राहत नाही. व्हिडिओ मी उतरवून ठेवला आहे. काकूंचं उत्तर यायचंय.